पाटी कुठी हाय, साहेब?

अमरावती–अकोला महामार्गावरचा लोणी ते माना हा पट्टा साऱ्या जगात गाजला. ३ जून २०२२ ला इथे डांबर पडायला लागलं आणि ७ जूनला ७५ किलोमीटरची एक लेन सलग तयार झाली. १०५ तास ३३ मिनिटं. ७२० माणसं रात्रंदिवस खपली. कतारमधल्या दोह्याचा विक्रम मोडला, गिनीज बुकात नोंद झाली. माना आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातलं, म्हणून आमचा ऊर जरा जास्तच भरून आला.

आता त्याच महामार्गाच्या कडेला, चहाच्या टपरीवर एक साधा प्रश्न टाकून बघा. इथे कारला वेग किती चालतो?

एक जण शंभर म्हणेल. दुसरा ऐंशी. तिसरा विचारेल, गाव लागलं की किती? चौथा नुसता बघत राहील. डांबर किती तासांत पडलं हे सगळ्यांना पाठ आहे. त्या डांबरावरून किती वेगाने जायचं, हे छातीठोकपणे कुणीच सांगत नाही.

चूक कुणाची?

भांडणाची जागा ठरलेली आहे. रस्त्याच्या कडेला महामार्ग पोलिसांची इंटरसेप्टर गाडी, तिच्यात स्पीड गन. हात दाखवला जातो, गाडी बाजूला लागते, काच खाली होते आणि वऱ्हाडी सवाल बाहेर पडतो : "साहेब, पाटी कुठी हाय?" उत्तरही तयार असतं : "मांगं होती ना भाऊ. पाहाले पायजे होती."

दोघांनाही वाटतं, आपण बरोबर. कायदा उघडला की दोघेही अर्धेच बरोबर निघतात.

आधी चालकाचा हिशेब करू, कारण तो सोपा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११९. आदेश देणाऱ्या चिन्हाप्रमाणेच गाडी चालवायची, हे प्रत्येक चालकाचं कर्तव्य. पांढरी गोल पाटी, लाल कडा, आत काळा आकडा. ती विनंती नाही, सल्ला नाही. हुकूम आहे.

'दिसली नाही' ही सबब तिथे चालत नाही. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर कापते. मोबाइलवरचा मेसेज वाचायला दोन सेकंद गेले, तर पन्नास मीटर रस्ता न बघताच मागे पडला. त्या पन्नास मीटरांत पाटी होती, वळण होतं, शाळेतून घरी निघालेली पोरगी सायकलवर होती. पाटी स्वच्छ उभी असेल आणि ती तुम्हाला दिसली नसेल, तर दोष तुमच्या नजरेचा. बाकी वकिली नको.

पण ही नजर आपण तयार कुठे केली?

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत वाहतुकीची चिन्हं विचारतात. पास व्हायला ६० टक्के पुरतात. म्हणजे दहातली चार उत्तरं चुकली तरी माणूस गाडी घेऊन रस्त्यावर यायला मोकळा. त्या चारांत वेगमर्यादेची पाटीही असू शकते. लाल कडेचं वर्तुळ आणि लाल कडेचा त्रिकोण यातला फरक किती जणांना सांगता येईल? वर्तुळ मोडलं तर दंड आहे. त्रिकोण पुढच्या धोक्याची खबर देतो. आम्ही दोन्हींकडे सारखंच दुर्लक्ष करतो.

आता साहेबांकडे वळू. हा भाग अवघड आहे, म्हणूनच तो कुणी काढत नाही.

त्याच कायद्याचं कलम ११२ वाचा. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या, पुलाच्या स्वरूपामुळे एखाद्या ठिकाणी वेग कमी करायचा असेल, तर शासनाने दोन गोष्टी करायच्या. राजपत्रात अधिसूचना काढायची, आणि कलम ११६ प्रमाणे योग्य जागी पाटी उभी करायची. 'किंवा' नाही, 'आणि'. बंधन महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर अधिसूचनेची सूट आहे. पाटीची सूट तेव्हाही दिलेली नाही.

पाटी ही मर्यादेची सजावट नव्हे. मर्यादा ठरवण्याचीच ती एक पायरी आहे. आदेश फायलीत आणि खांब रिकामा, असं असेल तर काम अर्धवट आहे. अर्धवट कामावर पूर्ण दंड कसा काय घेता?

'कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही' हे वाक्य इथे हमखास तोंडावर फेकलं जातं. बरोबरच आहे. खून करू नये, हे कळायला पाटी लागत नाही. पण या किलोमीटरला ऐंशी आणि पुढच्या किलोमीटरला पन्नास, हे माणसाने कुठून जाणायचं? स्वप्नात येणार आहे का? इंग्लंडने हा वाद १९८४ च्या कायद्यातच मिटवला. आदेशाने घातलेली मर्यादा पाट्यांनी दाखवलेली नसेल, तर ती मोडली म्हणून कुणाला दोषी ठरवता येत नाही.

आपल्याकडे हा धडा दिल्लीने घेतला, तोही चटका बसल्यावर. २०१९ साली निजामुद्दीन पूल ते गाझीपूर या राष्ट्रीय महामार्ग २४ च्या पट्ट्यात कॅमेऱ्यांनी धडाधड चलानं काढली. पोलिसांचा कॅमेरा ताशी ६० धरून मोजत होता. रस्त्यावरची पाटी ७० सांगत होती. पाटी बांधकाम खात्याची, कॅमेरा पोलिसांचा आणि दोघांची गाठच नाही. शेवटी सुमारे दीड लाख चलानं मागे घ्यावी लागली.

दीड लाख लोक बेशिस्त नव्हते. दोन खाती एकमेकांशी बोलत नव्हती.

मूर्तिजापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला दिल्ली लागत नाही. आमचं गाव जंक्शन आहे. मुंबई–हावडा मार्ग इथून जातो. यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन्ही बाजूंना जाणारी शकुंतला इथूनच सुटायची. ती नॅरो गेजवरून रमतगमत चालायची, तरी नियम तिलाही होते. रेल्वेत वेगाचं तात्पुरतं बंधन आलं, तर ड्रायव्हरने ते ओळखून घ्यावं, असं कुणी म्हणत नाही. त्याच्या हातात लेखी सावधानतेचा आदेश देतात. कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत, किती वेग, सगळं त्यात लिहिलेलं. तो मिळाला म्हणून त्याची सही घेतात.

एवढ्यावरही रेल्वे थांबत नाही. जागेच्या अलीकडे इशाऱ्याची पाटी. मग वेगाचा आकडा. मग बंधन संपलं हे सांगणारी पाटी, प्रवासी गाडीला वेगळी आणि मालगाडीला वेगळी, कारण मालगाडी लांब असते आणि तिचं शेपूट उशिरा बाहेर पडतं. कुणीतरी डोकं लावून, गाडीची लांबी मोजून हा विचार केलाय.

रुळावरच्या गाडीला स्टिअरिंगही नसतं, तरी तिला इतकं सांगतात. महामार्गावर ट्रक, ट्रॅव्हल्स, बैलगाडी आणि कापसाची ट्रॉली एकाच डांबरावर. तिथे ५० ची पाटी लागते आणि मर्यादा संपली कुठे, हे सांगायला बऱ्याच जागी कुणीच नसतं. मग चालक स्वतःच ठरवतो, आता संपली असेल. तो बहुतेक वेळा लवकरच ठरवतो.

वेगाचे आकडे तरी एकच आहेत का? केंद्राने ६ एप्रिल २०१८ ला अधिसूचना काढली. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, बसला ९०, मालवाहू गाडीला आणि मोटारसायकलला ८०. नगरपालिकेच्या हद्दीत कारला ७०, बाकीच्यांना त्याहून कमी. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द ठरवली. आता कारंज्याच्या टॅक्सीवाल्याने एका मांडीवर राजपत्र आणि दुसऱ्या मांडीवर निकालपत्र ठेवून गाडी चालवायची का?

त्याला राजपत्र नको. त्याला पाटी हवी.

नुसती हवी म्हणून भागत नाही, ती दिसली पाहिजे. डाव्या बाजूला उंच ट्रक चालला असेल, तर कडेची पाटी उजव्या लेनमधल्या कारला दिसतच नाही. चौपदरी रस्त्यावर दुभाजकातही पाटी का हवी, ते यावरून कळावं. वळण संपल्यावर लावलेली पाटी काय कामाची? ब्रेक वळणाच्या आधी लागतो. रात्री गाडीच्या दिव्यात न चकाकणारी पाटी दिवसाच्या ड्युटीवर आहे असं समजायचं. आणि अपघात दिवसाचीच वेळ बघून होत नाहीत.

पावसाळ्यात निंब आणि बाभळी फोफावतात. ऑगस्टपर्यंत कडेच्या खांबाला पालवीचा वेढा पडतो. फांदी छाटायला कितीसा खर्च येतो? एक माणूस, एक कोयता, अर्धा तास.

दुसरा वेढा फ्लेक्सचा. भाऊंचा वाढदिवस, दादांची निवड, ताईंचं स्वागत. चौकात येणाऱ्याला भाऊंचे दात दिसतात, चाळीसचा आकडा दिसत नाही. कलम ११६ मध्ये अशा जाहिराती काढून टाकायचा अधिकार आहे. चिन्ह झाकणारी जाहिरात काढा, चिन्हासारखी दिसून फसवणारीही काढा. २०१९ च्या दुरुस्तीने हा अधिकार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणालाही मिळाला. अधिकार दोघांकडे आहे, फ्लेक्स मात्र जागेवर.

भाऊंचा फ्लेक्स कोण काढणार, हाच खरा प्रश्न आहे ना?

आणि पाटी भंगारात विकणारा कोण? तो आपल्यातलाच. लोखंडी खांब रात्रीतून गायब होतो, पत्रा गोठ्याच्या भिंतीला लागतो. पाटी काढणं, बदलणं, विद्रूप करणं गुन्हा आहे. गाडीचा धक्का लागून चुकून पाटी पडली, तरी चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, असंही त्याच कलमात लिहिलंय. ट्रॉलीच्या धक्क्याने पाटी वाकवून पुढे निघून गेलेल्या किती जणांनी ठाण्यात जाऊन सांगितलं? पाटी कुठी हाय, हा सवाल साहेबांना विचारण्याआधी गावातही एकदा विचारायला हवा.

आता कॅमेऱ्यांचे दिवस आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. ज्या पट्ट्यावर कॅमेऱ्याने नजर ठेवायची, त्याच्या अलीकडे ठळक जागी तशी सूचना लावायची, हे त्यात स्पष्ट आहे. हा नियम ज्या शहरांसाठी आधी लागू करायचा, त्या यादीत महाराष्ट्रातली १९ शहरं होती. अकोला आणि अमरावती दोन्ही त्यात. आम्ही बरोबर मधे.

कॅमेरा लपवून ठेवायची गरज काय? हेतू वेग कमी करण्याचा असेल, तर कॅमेरा आहे असं ओरडून सांगा. सांगितल्यावर वेग कमी होईल. कमी झालेल्या वेगाची पावती फाटत नाही, हे मान्य. पण कॅमेरा पावत्या फाडायला बसवला होता की जीव वाचवायला?

दंडाचा तराजू बघा. कलम १८३. हलक्या वाहनाने मर्यादा मोडली की एक ते दोन हजार. मध्यम आणि जड वाहनाला दोन ते चार हजार. कुणाला खरचटलं नाही, कुणी पडलं नाही, तरी दंड. हे योग्यच आहे. अपघाताची वाट बघायची नसते.

आता कलम १९८-अ. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे करायची जबाबदारी प्राधिकरणाची, कंत्राटदाराची, सल्लागाराची. ती पाळली नाही तर दंड एक लाखापर्यंत. मात्र केव्हा? त्या चुकीमुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तेव्हा.

चालकाला आकडा ओलांडला की दंड, पाटीवाल्याला माणूस गेला की दंड. हा कुठला न्याय? आणि माणसाच्या जिवावर लाखाची कमाल मर्यादा, हा कोट्यवधींच्या कंत्राटात कुठल्या रकान्यात बसणारा आकडा आहे?

पडलेल्या पाटीचाच दंड हवा. त्या दिवसापासून, दर दिवसाला.

याच कलम १८३ मध्ये आणखी एक पोटकलम आहे. ते ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात फ्रेम करून लावावं इतकं मोलाचं. वेगमर्यादा पाळून जो प्रवास ठरलेल्या वेळेत होऊच शकत नाही, असं वेळापत्रक कुणी जाहीर केलं किंवा तसा हुकूम दिला, तर ते वेळापत्रकच त्याच्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा. रात्री नऊला नागपूर, सकाळी अमुक वाजता पुणे, असं तिकिटावर छापणाऱ्या मालकांनी ते वाचावं. ड्रायव्हरला पाटी दिसते. पण मालकाचा फोन त्याहून मोठा असतो.

मालकावर या पोटकलमाखाली गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही किती वाचल्या? ड्रायव्हर पळून गेल्याच्या किती?

अपघातांची सरकारी आकडेवारीही याच अंगाने वाचायला हवी. २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले, १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतल्या ७१ टक्के मृत्यूंचं कारण 'अतिवेग' असं नोंदलं आहे. महाराष्ट्रात त्या वर्षी पंधरा हजारांवर जीव गेले. वेग मारतो यात शंका नाही. ६० वरून ८० वर गेलात की धडकेची ताकद पावणेदोन पट होते. हे शाळेतल्या भौतिकशास्त्राचं गणित आहे.

पण 'अतिवेग' म्हणजे कशाच्या वर? त्या जागी मर्यादा किती होती, तिची पाटी उभी होती का, रात्री दिसत होती का, हे पंचनाम्यात लिहा की! मेलेल्या चालकाच्या नावावर अतिवेग लिहिला की फाइल बंद होते. पडलेल्या खांबाच्या नावावर काहीच लिहायचं नसतं, म्हणून तो पडलेलाच राहतो.

मग गाव आपला उपाय करतं. अपघात होतो, रास्ता रोको होतो, साहेब येतात, आश्वासन देतात आणि जोडरस्त्यावर रातोरात ब्रेकर उगवतो. ना पट्टे, ना आधी पाटी. पुढच्या आठवड्यात त्याच ब्रेकरवरून उसळून मोटारसायकलवरची मागची बाई पडते. एक चाळीसची पाटी वेळेवर लागली असती, तर त्या ढिगाऱ्याची गरज पडली असती का?

इथवर वाचून ज्या चालकांना बरं वाटलं, त्यांच्याशीही दोन शब्द.

पाटी नाही म्हणजे मर्यादा नाही, असा अर्थ काढू नका. वाहनाच्या प्रकाराप्रमाणे ठरलेली कमाल मर्यादा आहेच. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे : बेदरकार, हयगयीने गाडी चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर गुन्हा. ते पाटी विचारत नाही, आकडा विचारत नाही. समोर काय होतं आणि तुम्ही काय केलं, एवढंच विचारतं.

समोर काय असतं, ते आम्हाला इथे चांगलं माहीत आहे. कापसाचे दिवस आले की संध्याकाळी जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, कापूस दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर. कुरुमच्या फाट्यावर दुभाजकाच्या तुटक्या जागेतून ढोरं रस्ता ओलांडतात. हे दिसत असताना शंभरने जाणारा माणूस 'पाटी नव्हती' म्हणत असेल, तर त्याचं लायसन्स काढून घ्या. मी त्याच्या बाजूने एक शब्द लिहिणार नाही.

माझं भांडण जबाबदारीच्या वाटणीशी आहे. चालकाने बघायचं आणि शासनाने दाखवायचं, अशी कायद्याने केलेली वाटणी आहे. बघणाऱ्याला पकडायला गन आहे, कॅमेरा आहे, मोबाइलवर येणारं चलान आहे, थकलं तर लोक अदालतीची नोटीस आहे. दाखवणाऱ्याला पकडायला काय आहे? तक्रारीचा एक अर्ज, त्यावर पोचेचा शिक्का आणि 'सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही' असं उत्तर. सर्व्हिस रोड एकाचा, मुख्य रस्ता दुसऱ्याचा, फाटा जिल्हा परिषदेचा, चौक नगरपालिकेचा. खांब मात्र एकच, आणि तोही वाकलेला.

करायचं काय, ते अवघड नाही. बडनेऱ्याहून अकोल्याकडे एक गाडी काढा. तिच्यात महामार्ग पोलीस, प्राधिकरणाचा अभियंता आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा माणूस असे तिघे एकत्र बसवा. एकदा दिवसा जा, एकदा रात्री. प्रत्येक पाटी किलोमीटर क्रमांकासह लिहून घ्या : कुठे आहे, किती आकडा, दिसते का, मर्यादा संपल्याची पाटी पुढे आहे का. ती यादी तहसील कार्यालयाच्या भिंतीवर लावा. १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबर टाकता येतं, तर या कामाला एक दिवस आणि एक रात्र भरपूर झाली.

आणि कॅमेऱ्याच्या चलानावर गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो छापताच, त्याच्या शेजारी त्या पट्ट्यातल्या पाटीचाही फोटो छापा. किलोमीटर क्रमांक टाका, त्या महिन्याची तारीख टाका. पाटी उभी आहे, दिसते आहे, आकडा तोच आहे, हे फोटोत असेल तर चालकाने निमूट पैसे भरावेत. फोटो नसेल, तर पाटी लागेपर्यंत त्या पट्ट्यातलं चलान बंद. माना ते मूर्तिजापूर या पट्ट्यापासून सुरुवात करा.